लांब पल्ल्याची अचूक रायफल जमवायची आहे : बॅरल, स्टॉक, साइट, ट्रिगर... आधी काय निवडायचं?

साळावली
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सांगे तालुक्यातली. शाळेत असल्यापासून १० मीटर एअर रायफल मारते. गेल्या मोसमापासून क्लबच्या पॉइंट २२ (०.२२ इंच नळीच्या) रायफलवर ५० मीटर सुरू केलंय आणि आता स्वतःची रायफल घ्यायचं घरात ठरलंय. परवान्याचा अर्ज करायचाय.

माझा चुलत भाऊ परदेशात असतो. तो मला सतत तिकडच्या लांब पल्ल्याच्या रायफलींचे फोटो पाठवतो. एकाची ॲक्शन (काडतूस आत घेऊन बंद करणारा बोल्टचा भाग), दुसऱ्याची बॅरल (नळी), तिसऱ्याचा ट्रिगर असं निवडून जोडलेल्या त्या रायफली असतात. ते बघून मलाही वाटतं की तयार रायफल उचलण्यापेक्षा एकेक भाग विचार करून निवडावा. पैसे एकदाच खर्च होणार आहेत, त्यामुळे कुठे ओतायचे आणि कुठे हात आखडायचा ते नीट समजून घ्यायचंय. शिवाय आपल्याकडची हवा. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेही दमट होतात, तिथे पोलादाचं काय होणार?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. मी सगळं वाचणार आहे.

फोंडेकर
साळावली, प्रश्न चांगला आहे. पण भागांकडे वळण्याआधी कायद्याचं सांगतो, कारण बाहेरचे व्हिडिओ बघून आपल्याकडची मुलं इथेच गोंधळतात.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे बॅरल पार्सलने मागवून घरी जोडली, असं आपल्याकडे करता येत नाही. बनवणं, रूपांतर करणं, दुरुस्ती करणं, विकणं या सगळ्याला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो आणि आयातीला कलम १० लागू होतं. तेव्हा तुमच्यासाठी 'भाग निवडणं' याचा अर्थ असा की, निर्मात्याकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे मागणी नोंदवताना कोणती ॲक्शन, कोणती बॅरल, कोणता स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) हे तुम्ही ठरवायचं. रायफल पूर्ण होऊन, नंबरासकट, कागदांवरच यायला हवी. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधले मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलींचे कारखाने असा पर्याय देतात.

दुसरी गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने सरावासाठी वापरलेली पॉइंट २२ किंवा एअर रायफल त्या मर्यादेत धरत नाहीत. घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर शेतीची बंदूक असेल तर तो हिशेब वेगळा आहे, त्याने घाबरू नका. अर्ज आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. सांगे तालुक्यासाठी कोणतं कार्यालय ते एकदा चौकशी करूनच जा. क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांचे गुण यांची प्रमाणपत्रं आधी एका फाइलमध्ये लावून ठेवा.

भागांबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

गोंयकार_ओंटारियो
मूळचा म्हापशाचा, आता कॅनडात. इथे परवाना काढून सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात करणारी, पॉइंट २२ हून ताकदवान) क्लबच्या रेंजवर मारतो, म्हणून तुमचा भाऊ जे फोटो पाठवतो त्याबद्दल लिहू शकतो.

इकडे लांब पल्ला म्हणजे ६०० ते १००० मीटर आणि पुढे. त्या अंतरासाठी लोक रायफल उलट्या बाजूने निवडत येतात. आधी गोळी ठरते. लांब, निमुळती, हवा सहज कापणारी गोळी घेतली की तिला स्थिर ठेवायला बॅरलमधल्या खाचांचा पीळ घट्ट हवा. ६.५ क्रीडमूर हे २००७ मध्ये हॉर्नडी या अमेरिकन कंपनीने आणलेलं काडतूस बघा. १४० ग्रेनच्या (सुमारे ९ ग्रॅमच्या) गोळीसाठी त्याच्या बॅरलला साधारण ८ इंचांत एक फेरा देतात. जुन्या .३०८ ला, म्हणजे १९५२ च्या काडतुसाला, १० ते १२ इंचांत एक फेरा पुरतो. पीळ ठरला की चेंबर (काडतूस बसायची जागा), मग त्या लांबीचं काडतूस बसेल असं मॅगझिन, मग ॲक्शन. दुर्बीण आणि स्टॉक सर्वांत शेवटी. बहुतेक नवखे मात्र दुर्बिणीपासून सुरुवात करतात.

बॅरलच्या बाबतीत इथे दोन पंथ आहेत. एकात खाचा कापून काढतात, एकेक पातळ थर उतरवत. दुसऱ्यात कार्बाइडचं बटण दाबून ओढतात आणि खाचा उमटतात. कापलेल्या बॅरलच्या धातूत ताण कमी राहतो असं तिचे चाहते म्हणतात. बटणवालेही जगज्जेते आहेत. मी तरी पंथापेक्षा बनवणाऱ्याचा हात बघतो.

आणि बॅरल झिजते. ६.५ क्रीडमूरची स्पर्धेची बॅरल दोन-तीन हजार राउंडनंतर थकायला लागते, कारण दर वेळी जळत्या पावडरीचा झोत चेंबरपुढचं पोलाद खातो. पॉइंट २२ ला हे दुखणं जवळजवळ नाही.

म्हादयकार
दोघांनाही धन्यवाद, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. मी सत्तरी तालुक्यातला, आमच्याकडे पीक राखायला परवान्याच्या बंदुका पूर्वापार आहेत. अशी अचूक रायफल रानडुकरांसाठी वापरता येईल का? काजू आणि केळीचं फार नुकसान होतं.

फोंडेकर
म्हादयकार, नाही. नेमबाजीच्या परवान्यावरची रायफल रेंजबाहेर चालवायची नाही आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू असताना परवानगीशिवाय डुक्कर मारणं हा गुन्हाच आहे. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करा. तुमचा त्रास खरा आहे, पण हा धागा त्या वाटेला नको जायला.

आता साळावली, तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ओंटारियोवाल्यांनी छान लिहिलं. पण ते १००० मीटर आपल्या नशिबात नाहीत. तेवढी रेंज इथे नाही, आणि .३०८ चीच मापं असलेलं ७.६२ मिमी सैन्याचं म्हणून आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या प्रकारात) मोडतं. बरीच मंडळी यामुळे हिरमुसतात. मला ते पटत नाही. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ३०० मीटरच्या लक्ष्यावर ते १०० मिलिमीटरचं. कोनात मोजलं तर ३०० मीटरचं दहा हे ५० मीटरच्या दहापेक्षा दीडपटीहून मोठं भरतं. म्हणजे अचूकतेची मागणी ५० मीटरलाच जास्त कडक आहे. गोळीची जाडी धरून हिशेब केला तरी तेच येतं. लांब पल्ल्याची रायफल निवडताना जे डोकं चालवावं लागतं ते सगळं इथे चालवावं लागतं. वारासुद्धा सुटत नाही. पॉइंट २२ ची गोळी इतकी सावकाश जाते की ताशी सात किलोमीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवर साधारण एक सेंटिमीटर सरकवतो. एका रिंगची रुंदी ८ मिलिमीटर. समजा, झाडाची पानं नुसती सळसळली आणि तुमचं दहाचं नऊ झालं.

म्हणून मनात 'लहान रायफल' असं काही ठेवू नका. पूर्ण ताकदीने निवडा.

फोंडेकर
(पुढे)

माझं मत सरळ आहे. पैसे दोन ठिकाणी ओता : बॅरल आणि तिला मानवणारा दारूगोळा, आणि तुमच्या अंगाला बसणारा स्टॉक. उरलेलं सगळं दुसऱ्या फळीत.

बॅरल आणि दारूगोळा मी एकत्र लिहितो, कारण पॉइंट २२ मध्ये ते वेगळे नसतातच. सेंटरफायरवाला स्वतः काडतूस भरतो, पावडर मोजतो, गोळी किती आत बसवायची ते ठरवतो. आपल्याला काडतूस जसं कारखान्यातून येतं तसंच मारायचं आहे. त्यात पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेला असतो. तो कडेभर सारखा पसरला नाही की वेग बदलतो. आता हिशेब करा. गोळी ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंदाने निघते. ५० मीटर जायला तिला ०.१५ ते ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा १० मीटर प्रतिसेकंदाने कमी निघाला तर ती सातेक मिलिमीटर खाली लागते. तुमचा श्वास, पकड, ट्रिगर सगळं नीट असताना रिंग गेली. हा दोष सरावाने जात नाही.

म्हणून लॉट तपासणी. लॉट म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस असतं, पण लॉट क्रमांक बदलला की तुमच्या बॅरलमधून ते वेगळं वागतं. शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या बॅरलला जो लॉट सोन्यासारखा चालतो तो तुमच्या बॅरलला मुळीच चालणार नाही, असं सर्रास होतं. एली या ब्रिटिश कंपनीच्या टेनेक्स काडतुसांच्या डबीवर लॉटच्या क्रमांकाबरोबर यंत्राचा क्रमांक आणि वेगही छापलेला असतो, तो बघायला शिका. लापुआ या फिनलंडच्या काडतूस कंपनीचं जर्मनीत शोनेबेकला तपासणी केंद्र आहे. तिथे बॅरल आणि ॲक्शन शिकंज्यात धरून एकामागून एक लॉट मारून बघतात. आपण तिथपर्यंत गेलो नाही तरी तत्त्व तेच. चार-पाच लॉटच्या थोड्या डब्या घ्या, बाकावर टेकवून मारा आणि पाच राउंडच्या सुंदर ग्रुपवर (लक्ष्यावरच्या छिद्रांच्या पुंजक्यावर) भुलू नका. एका लॉटचे निदान चाळीस राउंड एकावर एक मांडून बघा, तेव्हा खरा आकार दिसतो. जो लॉट आवडला तो पूर्ण मोसमाचा एकदम उचला.

अजून एक. लॉट किंवा ब्रँड बदलला की पहिले काही राउंड मोजू नका. प्रत्येकाच्या गोळीवरचं मेण वेगळं असतं, बॅरलला नव्या मेणाची सवय व्हायला वेळ लागतो.

बालेवाडी_लेन_४
पुण्याहून लिहितोय. फोंडेकरांच्या लॉटबद्दलच्या प्रत्येक ओळीला दुजोरा. इथे मुलं जर्मन नेमबाजी जॅकेटवर, बुटांवर, चष्म्याच्या फ्रेमवर खर्च करतात आणि दारूगोळा जो मिळेल तो मारतात. मग 'फ्लायर', म्हणजे ग्रुपबाहेर भरकटलेली गोळी, आली की ट्रिगरला दोष देतात.

बॅरलच्या बाबतीत एवढंच सांगेन की मॅच पॉइंट २२ मध्ये १६ इंचांत एक फेरा हा पीळ जवळपास ठरलेलाच आहे, त्यामुळे ओंटारियोवाल्यांनी सांगितलेली पिळाची डोकेदुखी आपल्याला नाही. बघायचं ते तोंड, म्हणजे जिथून गोळी बाहेर पडते ती कड. तिथे बारीकसा ओरखडा असला तरी गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी कलते. वापरलेली रायफल घेत असाल तर पहिली नजर तिथे टाका. साफ करतानाही सळई तोंडाकडून घालायची नाही, बोल्टकडून घालायची आणि मार्गदर्शक नळी वापरायची.

आणि हो, वापरलेल्या रायफलीचा पर्याय सोडू नका. पॉइंट २२ ची चांगली बॅरल हजारो राउंड चालते. एखाद्या निवृत्त नेमबाजाची जर्मन अँशुट्झ कंपनीच्या ५४ ॲक्शनची रायफल, नीट जपलेली, नव्या मधल्या दर्जाच्या रायफलीपेक्षा मला कधीही आवडेल. हस्तांतराचे कागद मात्र काटेकोर करा.

साळावली
बापरे, किती नवीन गोष्टी! १० मीटरला पेलेटची (एअर रायफलच्या छर्र्यांची) डोकी ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशी तपासून घ्यायची सवय आहे, त्यामुळे लॉटचं पटकन कळलं.

स्टॉकबद्दल विचारते. क्लबची रायफल लाकडी स्टॉकची आहे. सगळे म्हणतात ॲल्युमिनियमच घे. पण लाकूड हाताला बरं वाटतं आणि उन्हात तापत नाही. गोव्याच्या हवेत काय टिकेल?

झुआरी_काठ
यावर मी बोलतो, कारण लाकूड हा माझा धंदा आहे आणि नेमबाजीही बऱ्याच वर्षांची.

लाकूड पावसाळ्यात पाणी घेतं, डिसेंबर-जानेवारीत सोडतं. ॲक्शन ज्या खोबणीत बसते तिथे हा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असला तरी ॲक्शनवरचा दाब बदलतो आणि रायफलचा ग्रुप जागा सोडतो. आपण साइट फिरवत राहतो आणि कारण भलतीकडेच असतं. थर चिकटवून केलेलं लॅमिनेटेड लाकूड आणि खोबणीत इपॉक्सीचं बेडिंग (ॲक्शन पक्की बसवणारा थर) असेल तर हा त्रास खूप कमी होतो. एकसंध अक्रोडाचा स्टॉक आपल्या हवेत मी स्पर्धेसाठी घेणार नाही, कितीही देखणा असला तरी.

ॲल्युमिनियमला दमट हवेचं काही वाटत नाही. ते उन्हात तापतं हे खरं, पण हात आणि गाल लागतो तिथे लाकडाचे किंवा रबराचे भाग बसवलेले असतात. पावसाळ्यातही सराव करणार असाल तर ॲल्युमिनियम. कोणताही स्टॉक असो, ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यालाच आवळा आणि महिन्यातून एकदा तपासा.

फोंडेकर
झुआरींचं बरोबर आहे, पण साळावली, लाकूड की धातू हा स्टॉकचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न मापाचा. शिंप्याकडे अंगावर माप घेतल्याशिवाय कपडा शिवत नाहीत, इथेही तसंच.

रायफल खांद्याला लावा. डोळे मिटा, गाल चीकपीसवर सैल सोडा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकातून पुढची रिंग मधोमध दिसायला हवी. मान ताणावी लागली, गाल दाबावा लागला किंवा डोकं वर उचलावं लागलं तर स्टॉक तुमचा नाही, किंवा अजून तुमच्यासारखा लावलेला नाही. दर गोळीला मानेचे स्नायू तुम्हाला मध्याकडे ढकलत असतील तर तिसाव्या गोळीपर्यंत ते थकतात, आणि थ्री पोझिशनला (तीन स्थितींतून मारायच्या स्पर्धेला) साठ गोळ्या असतात.

थ्री पोझिशनमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्हीत एकच रायफल आणि तिन्हीत डोकं वेगळ्या जागी येतं. म्हणून बट (खांद्याला टेकणारं टोक), चीकपीस, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) यांच्यावर कोरलेल्या मोजपट्ट्या आहेत का ते बघा. स्थिती बदलताना घड्याळ चालू असतं. 'अंदाजे एवढं वर' असं करून उपयोग नाही, आकडा वाचून त्याच जागी यायला हवं. वहीत तिन्ही स्थितींचे आकडे लिहून ठेवा. माझ्या मते स्टॉकचे पैसे या मोजपट्ट्यांसाठीच द्यायचे. रंगासाठी नव्हे.

कोल्हापूरचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. ५० मीटर थ्री पोझिशनमधलं ते भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्याची अंतिम फेरी पुन्हा बघा आणि या वेळी गोळ्या बघू नका. दोन स्थितींच्या मध्ये तो रायफलला काय काय करतो तेवढंच बघा.

बालेवाडी_लेन_४
आणि कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत. २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून मारायच्या प्रकारातली) जगज्जेती. आंबोली घाट चढला की पुढे कोल्हापूर. गोव्याच्या मुलांना दोन-दोन आदर्श शेजारी आहेत.

गोंयकार_ओंटारियो
मापाच्या बाबतीत सेंटरफायरमध्येही हेच. लोक हलकीफुलकी तयार चॅसिस (धातूचा स्टॉक) घेतात आणि गालाची उंची न लावताच दुर्बिणीत सावली दिसते म्हणून दुर्बीण बदलतात.

दुर्बिणीचं निघालंच म्हणून सांगतो. इथे उंची आणि वारा यांचे क्लिक (दुर्बिणीची चक्री फिरवायचे टप्पे) आणि आतल्या जाळीच्या खुणा एकाच एककात घेणं शहाणपणाचं. मी मिलिरेडियन वापरतो. १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर, एक क्लिक म्हणजे १ सेंटिमीटर, हिशेब तोंडी होतो. मिनिट ऑफ अँगल वापरलं तर १०० मीटरवर २९ मिलिमीटर धरावं लागतं. शिवाय लांब अंतराला गोळी कित्येक मीटर पडते, त्यामुळे दुर्बिणीखालची पट्टी आधीच पुढे उतरती केलेली घेतात, नाहीतर उंचीचे क्लिक संपतात. साळावलीला हे लागणार नाही, पण भावाशी बोलताना उपयोगी पडेल.

फोंडेकर
नक्कीच. आपल्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही, म्हणून साइटवर थोडं लिहितो.

१० मीटरहून येणाऱ्यांना एक गोष्ट लगेच जाणवते. १० मीटरचा काळा गोल ३०.५ मिमी, ५० मीटरचा ११२.४ मिमी. आकडा मोठा, पण अंतर पाचपट. डोळ्याला तो पाऊणपटच दिसतो. तेव्हा एअर रायफलची पुढची रिंग तशीच आणून लावली तर गोलाभोवती पांढरं फार उरतं. कमी-जास्त करता येणारी पुढची रिंग घ्या, मागे आयरिस (लहान-मोठं करता येणारं भोक) घ्या. पण रिंग फार घट्ट करू नका. पांढरी कड अगदी बारीक ठेवली की गोल चिकटतो, डोळा दमतो आणि बोट घाबरत दाबतं. उजेड बदलला की आयरिस बदला. पावसाळ्यात दुपारी ढग आला तर लक्ष्य अक्षरशः दुसरं दिसतं.

बॅरलपुढे जोडायची पोकळ नळी मिळते. तिने पुढची साइट लांब जाते, दोन साइटमधलं अंतर वाढतं आणि चूक लवकर दिसते. घ्यायला हरकत नाही, पण तोल पुढे जातो. उभ्या स्थितीत ते झेपतंय का ते आधी क्लबमध्ये कुणाची तरी मागून बघा.

ट्रिगर : कोणत्याही नावाजलेल्या मॅच रायफलीचा दोन टप्प्यांचा ट्रिगर पुरेसा असतो. वेगळा घेऊ नका. १०० ग्रॅमच्या आसपास लावा, पहिला टप्पा स्पष्ट ठेवा आणि मग वर्षभर त्याला हात लावू नका.

ॲक्शनच्या बाबतीत ५४ असो, वॉल्थर असो, फाइनवर्कबाऊ असो की स्विस ब्लायकर, या पातळीला तुमचा गुण ॲक्शनमुळे अडत नाही. बोल्ट ज्या सहजतेने तुमच्या हाताला चालतो ती घ्या. सुटे भाग आणि दुरुस्तीचा माणूस भारतात कुणाचा मिळतो हे मात्र विचारून घ्या.

साळावली
फोंडेकरकाका, देव बरें करूं. आता गंजाचं राहिलं. आमचं घर धरणाजवळ, भिंतींना वर्षभर ओल.

झुआरी_काठ
माझं घर तर खाडीवर, खारं वारं थेट आत. काय करतो ते लिहितो.

रायफल पेटीत ठेवून महिनोन्महिने झाकून ठेवायची नाही. पेटीतला फोम हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि पोलादाला चिकटून बसतो. पेटी फक्त प्रवासासाठी. घरी कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, सिलिका जेल भरपूर, आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की तापवून परत निळं करायचं. कपाटात ओलावा मोजणारा छोटा डायल ठेवा. पावसाळ्यात शक्य असेल तर त्या खोलीत डीह्युमिडिफायर. बॅरलच्या आत पातळ तेलाचा हात, आणि मारण्याआधी कोरडी कापडी गोळी फिरवून ते पूर्ण काढायचं. तेल राहिलं तर पहिले राउंड वर-खाली जातात.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे एसी. गार खोलीतून रायफल काढून थेट दमट रेंजवर उघडली की पोलादावर आणि काचांवर दव धरतं. आतल्या बाजूलाही. पेटी रेंजवर पोचली की न उघडता तशीच ठेवा, बाहेरच्या हवेला येऊ द्या, मग उघडा. तोवर जॅकेट चढवा, वॉर्मअप करा.

आयरिसमधल्या फिल्टरच्या काचा आणि स्पॉटिंग स्कोप यांना बुरशी येते. एकदा काचेवर बुरशीची जाळी धरली की ती काचेचा लेपच खाते, पुसून जात नाही. त्या काचा वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट ठेवा.

आणि दारूगोळाही थंड, कोरड्या जागी, त्याच्या मूळ डब्यांत. लॉट मिसळू नका.

म्हादयकार
झुआरीबाब, हे गोव्यातल्या प्रत्येक कॅमेरावाल्यालाही वाचायला द्यायला हवं.

फोंडेकर
एक भर घालतो. बोल्ट काढून वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. दारूगोळा तिसऱ्या जागी. घरात लहान मुलं असोत नसोत. निवडणुका आल्या की शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो, तेव्हा खेळाडू म्हणून सूट मिळण्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. स्पर्धेचं वेळापत्रक जोडून द्या. आणि रायफल जमा करायचीच वेळ आली तर आत तेल जास्त लावून द्या, तिथे तुमचं सिलिका जेल कुणी बदलणार नाही.

साळावली
सगळं वहीत उतरवलं. मला जे समजलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. आधी परवाना आणि फाइल. तोपर्यंत क्लबच्या रायफलीवर तिन्ही स्थितींची मापं काढून आकडे पक्के करायचे. मग मोजपट्ट्या असलेला ॲल्युमिनियम स्टॉक आणि चांगली बॅरल असलेली रायफल, नवी किंवा जपलेली जुनी. ट्रिगर आहे तो. साइटमध्ये बदलती रिंग आणि आयरिस. आणि वाचलेले पैसे लॉट तपासणीला ठेवायचे.

एकच राहिलं. रायफल आली की बालेवाडीला शिबिराला न्यायची इच्छा आहे. चोर्ल्यातून बेळगावमार्गे गाडीने जाऊ. काय लक्षात ठेवू?

बालेवाडी_लेन_४
परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी बघ. नुसतं गोवा असेल तर सीमा ओलांडता येणार नाही. अर्ज करतानाच पूर्ण भारतासाठी माग, स्पर्धांची पत्रकं जोडून. प्रवासात मूळ परवाना बरोबर, रायफल पेटीत कुलूपबंद, बोल्ट काढलेला, राउंड वेगळ्या डब्यात. तुम्ही गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं ओलांडणार, तेव्हा शिबिराचं निमंत्रणपत्र आणि क्लबचं पत्रही वर ठेव, चेकनाक्यावर काढायला सोपं.

आणि येताना दोन-तीन वेगळे लॉट घेऊन ये. आमच्या क्लबकडे शिकंजा आहे. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा तुझ्या बॅरलमधून मारून बघू. परवाना हातात आला की इथेच कळव.